खोटा काटा

खोटा काटा म्हटला की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे प्रथम तराजू उभा राहतो. गिऱ्हाइकाला हवापाण्याच्या गोष्टींत गुंतवून दांडीला हळूच करंगळीचा भार देणारा दुकानदार आणि घरी आल्यावर पुडी पुन्हा जोखून बोटे मोडणारी गृहिणी, हे चित्र आपल्या इतके परिचयाचे आहे की त्यात नवल असे काही उरलेले नाही. त्या व्यवहारात एकाचे नुकसान तो दुसऱ्याचा लाभ, एवढी तरी व्यवस्था असते. परंतु ज्याच्या खोटेपणात फसवणारा कोणीच नाही, ज्यात लाभ कोणाचाही नाही, आणि ज्याने फसलेला मनुष्य मात्र तीस वर्षे मोठ्या समाधानात राहिला, अशा एका काट्याची हकीकत वाचकांस सांगावी असे आमच्या मनात आहे.

हा काटा तराजूचा नव्हे. तो एका जुन्या पिकप ट्रकच्या डॅशबोर्डवरचा आहे. आम्ही अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. ज्या फ्लिंट शहरात १९४७ साली शेव्हर्लेच्या मालमोटारींचा मोठा कारखाना सुरू झाला, ते आमच्या गावापासून तासाभराच्या वाटेवर आहे. आमच्या शेजारी एक वृद्ध शेतकरी राहत. उभा जन्म त्यांनी मका व साखरेचे बीट पिकवण्यात घालवला होता, आणि आपल्याकडे साखर उसापासून करतात हे ऐकून त्यांना जेवढे आश्चर्य वाटे तेवढेच ती मुळापासून निघते हे पाहून आम्हांस वाटे. त्यांच्याजवळ १९५१ सालची, ३१०० या नावाने ओळखली जाणारी, अर्ध्या टनाची शेव्हर्ले पिकप होती. रंग गर्द हिरवा, समोरचा चेहरा एखाद्या सुखवस्तू पाटलासारखा गोल आणि गंभीर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दृष्टीचा मधला भाग गेला. कडेचे तेवढे दिसे, परंतु ज्याकडे रोखून पाहावे तेच नेमके दिसेनासे होई. गाडी चालवण्याचा परवाना गेला, पाठोपाठ घर गेले, आणि ते वृद्धाश्रमात राहावयास गेले. जाण्यापूर्वी त्यांनी पिकप एका डॉलरास आमच्या नावे करून दिली. अट एकच होती. उन्हाळ्यात एकदा त्यांना त्या गाडीत बसवून, चाळीस मैलांवर त्यांच्या जुन्या शेताशेजारच्या दफनभूमीत, जेथे त्यांची पत्नी विसावली आहे, तेथे घेऊन जावे.

किल्ली हाती देताना त्यांनी आम्हांस आत बसवले, इंजिन सुरू केले आणि डॅशबोर्डकडे बोट केले. “ऑइलचा काटा पाहा. तीस! मी आणि माझ्या भावाने इंजिन बदलले त्याला तीस वर्षे झाली. रस्त्यावर हा काटा तीसाच्या खाली आलेला मी पाहिलेला नाही.” मुलाच्या गुणपत्रिकेविषयी बोलावे तसे ते बोलत होते.

या गाडीच्या डॅशबोर्डवर दोन मोठी वर्तुळे आहेत. डावीकडचे वेगाचे. उजवीकडच्या वर्तुळात चार लहान काटे एका कुटुंबासारखे दाटीवाटीने राहतात: एक विजेचा, एक पेट्रोलचा, एक पाण्याच्या उष्णतेचा आणि एक ऑइलच्या दाबाचा. या घराण्याच्या मालमोटारी आपल्याकडे अपरिचित नव्हत्या. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे शेव्हर्ले गाड्या जोडण्यास आरंभ केला व १९५४ साली तो कारखाना बंद झाला. परंतु त्यांतील कित्येक लॉऱ्या पुढे वर्षानुवर्षे घाट चढतउतरत राहिल्या. आमच्या लहानपणी मामाच्या गावी अशी एक लॉरी येत असे. तिच्या डॅशबोर्डवरचा एकही काटा हलत नसे. एक मीटर तर समूळ नाहीसा झाला होता, आणि त्या भोकात ड्रायव्हर विड्यांचे बंडल व देवाच्या अंगाऱ्याची पुडी ठेवी. घाटाच्या मध्यावर तो किन्नराला गप्प राहण्यास सांगून क्षणभर कान देई, आणि मग गाडी थांबवून पाणी घाली. काटा नसलेला मनुष्य सावध असतो. ज्याच्याजवळ काटा आहे तो निश्चिंत असतो, आणि तो काटा खोटा निघाला तर त्याची निश्चिंतता तिळमात्र कमी होत नाही, ही त्यातली खरी मौज.

आमच्या चारांपैकी किती खरे होते ते शोधण्याचे काम आमच्या चिरंजीवांनी अंगावर घेतले. चिरंजीवांचे वय सोळा. त्यांचा पहिला ठराव असा की, सगळी जुनी मंडळी काढून टाकावी आणि आकडेच आकडे दाखवणारा नवा संच आणून बसवावा. आम्ही त्यास कडकडून विरोध केला. शेवटी चेहरे जुने ठेवावे आणि आतली यंत्रे नवी करावी असे ठरले. बाहेरून पूर्वजांसारखे व आतून अद्ययावत, ही तडजोड आमच्या पिढीने आपल्या स्वतःच्या बाबतीतही केलेली असल्यामुळे तिला नावे ठेवण्यास आम्हांस तोंड नव्हते.

पेट्रोलच्या काट्याचा रोग लवकर सापडला. ही गाडी मुळात सहा व्होल्टांची. मागाहून तिला बारा व्होल्टांची बॅटरी बसवलेली होती, पण पेट्रोलच्या मीटरला हे कोणी कळवलेच नव्हते. दुप्पट जोराची वीज पिऊन तो बिचारा तापून निकामी होण्याच्या बेतास आला होता. त्याच्या वाटेत वीज उतरवणारा लहानसा रोधक बसवला, टाकीतला तरंगता गोळा साफ केला, आणि तो शुद्धीवर आला.

विजेच्या काट्याची गोष्ट अधिक गंभीर होती. जुन्या गाड्यांत बॅटरीत किती अँपिअर वीज जाते व तीतून किती निघते हे दाखवणारा अँमीटर असे, आणि हे दाखवण्यासाठी गाडीतील जवळजवळ सगळी वीज डॅशबोर्डच्या पाठीमागून, त्या मीटरमधून, फिरवून नेलेली असे. डायनामोच्या काळी वीज बेताची, तेव्हा चालून गेले. परंतु या गाडीला पुढे अल्टरनेटर लावला होता, आणि अल्टरनेटर कितीतरी अधिक वीज देतो. मीटरमागची तार बाहेर काढून पाहिली तो तिच्यावरचे कापडी आवरण करपून काळे झालेले, आणि हात लावताच त्याची भुकटी पडली. पलीकडे चार बोटांवर बैठकीचा वाळलेला काथ्या होता. आम्ही तिघेही, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीही, त्या तारेकडे काही वेळ नुसते पाहत राहिलो. तो अँमीटर त्याच दिवशी निघाला. त्याच्या जागी व्होल्टमीटर आला. याच्यातून वीज वाहत नाही, हा फक्त तिचा जोर सांगतो. इंजिन बंद असता साडेबारा, चालू असता चौदाच्या आसपास काटा राहिला म्हणजे सर्व ठीक.

उष्णतेच्या काट्याने मात्र आमच्या घरात खरी करमणूक केली. तो विजेवर चालत नाही. इंजिनाच्या पाण्यात एक लहान तांब्याचा फुगा बुडवलेला असतो, त्यात ईथर भरलेले असते, आणि तेथून केसासारखी बारीक पोकळ नळी थेट मीटरपर्यंत येते. पाणी तापले की ईथरची वाफ होते, वाफेचा दाब नळीतून येऊन काटा ढकलतो. ही नळी एकदा तुटली की ईथर उडून जाते आणि काटा कायमचा झोपतो. आमचा झोपलेलाच होता. उपाय जुन्या कारागिरांनी शोधून ठेवला आहे: त्याच जातीचा स्वस्तातला नवा मीटर आणावा, त्याचा फुगा बर्फ व मीठ यांच्या मिश्रणात बुडवून आतले ईथर गारठवावे, मग नळी कापून जुन्या मीटरच्या नळीला डाख देऊन जोडावी. ईथर ज्वालाग्राही, म्हणून हे काम अंगणात करणे भाग होते. जानेवारी महिना, बाहेर गुडघाभर बर्फ पडलेले, आणि चिरंजीव घरातील फ्रिजमधले बर्फ वाटीवाटीने बाहेर नेत आहेत, हे पाहून सौभाग्यवतींनी दारातूनच विचारले, “अंगणातलं विटाळलंय का?” ही सूचना आम्हां दोघांच्याही बुद्धीस सुचलेली नव्हती. त्यांनी मिठाचा डबा मात्र दिला नाही. रस्त्यावर टाकण्यासाठी आणलेले जाडे मीठ गॅरेजमध्ये आहे, याचीही त्यांनीच आठवण करून दिली. दुसऱ्या प्रयत्नात डाख बसला. किटलीतले उकळते पाणी फुग्यावर ओतताच, कित्येक वर्षे झोपलेला तो काटा अंग मोडीत उठला आणि चढू लागला. चिरंजीवांनी आरोळी ठोकली. त्या क्षणी आम्हांसही आरोळी ठोकावीशी वाटली, परंतु वयाचा मान राखून आम्ही नुसते खाकरलो.

राहिला ऑइलचा काटा. त्याला हात लावण्याचे खरोखर कारण नव्हते. सगळ्यांत प्रामाणिक तोच, असे आम्ही गृहीत धरून होतो. त्याचीही घडण विजेची नाही. फ्रान्समधील बुर्दों नावाच्या यंत्रज्ञाने १८४९ साली काढलेली ही युक्ती आहे. पितळेची चपटी नळी अर्धवर्तुळात वाकवलेली असते. तिच्यात दाबाने ऑइल शिरले की ती सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला बांधलेला काटा फिरतो. जत्रेत मिळणारी कागदी पिपाणी फुंकली म्हणजे तिची गुंडाळी सुटते ना, तोच प्रकार. चिरंजीवांनी एके दिवशी सहज विचारले, “बाबा, इंजिन बंद आहे, मग हा काटा पंधरावर कसा?”

आम्ही पाहिले. काटा पंधरावर होता. इंजिन आठवडाभर सुरू केलेले नव्हते. मेलेल्याची नाडी लागावी तसे ते वाटले.

उलगडा असा झाला. १९५१ सालच्या या गाडीचे मूळ इंजिन २१६ घनइंचांचे. त्याची जात जुनी. आतल्या दांड्यांच्या टोकांना पळ्या असत आणि त्या तळाच्या पन्हळीतले ऑइल उडवून घेऊन आपले वंगण आपण करीत. त्याला दाब थोडका पुरे, म्हणून मीटरवर आकडे तीसपर्यंतच. तीस वर्षांपूर्वी आजोबांनी (चिरंजीव त्यांना आजोबा म्हणतात, हा शब्द त्यांनी हौसेने शिकून घेतला आहे) व त्यांच्या भावाने जे इंजिन बसवले ते नंतरच्या पिढीतले २३५ घनइंचांचे. त्याच्या सर्व बेअरिंगांना पंपाने दाबून ऑइल पोहोचवले जाते, आणि त्याला साठपर्यंतची तबकडी लागते. त्यांनी इंजिन बदलले, मीटर जुनाच ठेवला. रोज सकाळी थंड इंजिन सुरू होताच चाळीस-पंचेचाळीस पौंडांचा दाब त्या तीस पौंडांच्या नळीवर आदळत राहिला. होता होता नळी कायमची ताणली गेली, आणि काटा खऱ्या आकड्यात पंधरा मिळवून सांगू लागला. पंधरा असता तीस! मीटर थांबण्याच्या खिळ्यापाशी नेऊन उभा केलेला तो काटा म्हणजे इंजिनाच्या प्रकृतीचे लक्षण नसून स्वतः काट्याच्याच दुखण्याचे लक्षण होते.

चिरंजीवांनी साठ आकड्यांची, त्याच वळणाची तबकडी मिळवून बसवली, आणि एप्रिलात बर्फ वितळल्यावर आम्ही गाडी रस्त्यावर काढली. आरंभी काटा चाळीसावर. दहा मैलांनंतर पंचवीस. वीस मैलांनंतर इंजिन पुरते तापले तेव्हा ताशी चाळीस मैलांच्या वेगात सोळा, आणि चौकात उभे राहिलो असता चार. हजार फेऱ्यांमागे दहा पौंड असावे असा कारागिरांचा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने हे इंजिन आतून झिजलेले होते. बेअरिंगांच्या फटी रुंदावल्या होत्या आणि ऑइल अडवून धरण्याइतका घट्टपणा त्यांच्यात राहिला नव्हता. आणि ही झीज आजची नव्हे. कित्येक वर्षे ती चालू होती व समोरचा काटा “तीस, तीस” म्हणत होता.

येथे आमचा खरा पेच सुरू झाला. आजोबांचा दर रविवारी फोन येई. प्रकृती, हवा, बेसबॉल यांच्यानंतर ठरलेला प्रश्न: “गाडी काय म्हणते?” आम्ही व्होल्टमीटरचे सांगितले, करपलेल्या तारेचे सांगितले, बर्फाची फजिती तर दोनदा सांगितली. ऑइलचे सांगितले नाही. त्या इंजिनावर त्यांचा व त्यांच्या दिवंगत भावाचा हात फिरलेला. त्यांच्या आयुष्यात अखेरपर्यंत मजबूत राहिलेले असे तेवढेच एक, अशी त्यांची समजूत. ती मोडून कोणाचे काय साधणार? चिरंजीवांचे म्हणणे उलट होते. गाडी त्यांची, त्यांना कळलेच पाहिजे. सौभाग्यवतींकडे निकालासाठी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्ही दोन वर्षांत आपला रक्तदाब मोजलेला नाही. इंजिनाचं मागाहून बघू.” आम्ही तेथून निघालो.

जूनमध्ये वचन पाळण्याची वेळ आली. इंजिन उघडण्यास सवड नव्हती, म्हणून आम्ही अधिक दाट ऑइल भरले. नाडी सुटू लागलेल्या रोग्यास हेमगर्भाची मात्रा उगाळून द्यावी, तशातला तो उपाय. दोन-तीन पौंड वाढले इतकेच. रविवारी सकाळी आजोबांस घेऊन निघालो. ते खिडकीशी, चिरंजीव मध्ये, त्यांच्या हाती वही. गाव सोडून दोन मैल गेलो असू, तोच त्यांनी हात पुढे करून डॅशबोर्ड चाचपला आणि विचारले, “ऑइल किती?”

आम्ही पाहिले. काटा चाळीसावरून उतरत होता आणि त्या क्षणी बरोबर तीसावर होता.

“तीस,” आम्ही म्हणालो.

ते मागे टेकून बसले. “सांगितले नव्हते?” म्हणाले, आणि पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. चिरंजीवांनी आमच्याकडे एकदा पाहिले आणि वहीत काहीतरी टिपले.

दफनभूमीपाशी पोहोचलो तेव्हा आम्ही किल्लीकडे हात नेला. आजोबा म्हणाले, “राहू द्या, चालू असू द्या. तिला या इंजिनाचा आवाज ओळखीचा आहे.” ते चिरंजीवांच्या खांद्यावर हात ठेवून गवतातून हळूहळू चालत गेले. आम्ही आत बसून राहिलो. उन्हाळ्याचे अकरा वाजलेले, इंजिन तापलेले, वारा नाही. काटा आठावर होता, मग सातावर, मग सहावर. पंखा फिरत होता, झडपांची टिकटिक नेहमीपेक्षा किंचित मोठी वाटत होती की तसा भास होता ते ठरवता येईना. दोनदा हात किल्लीपर्यंत गेला. त्या दोघांच्या पाठमोऱ्या आकृती पांढऱ्या दगडाशी उभ्या होत्या. त्या वीस मिनिटांत आम्ही मामाच्या गावच्या ड्रायव्हरासारखा श्वास रोखून कान दिला, आणि डोळे मात्र त्या नव्या, खऱ्या, निर्दय काट्यावरून काढू शकलो नाही. पाचाच्या खाली तो गेला नाही.

परतताना आजोबांना झोप लागली. त्यांना पोहोचवून घरी आल्यावर चिरंजीवांनी वही आमच्यापुढे ठेवली. प्रत्येक पाच मैलांचा आकडा स्वच्छ अक्षरांत लिहिलेला होता. पहिली ओळ “२ मैल, ३०” अशी, आणि तिच्याखाली रेघ. “तुम्ही खोटं बोलला नाहीत,” ते म्हणाले. आम्ही चष्मा पुसू लागलो.

पुढल्या शनिवारी पिकप ठोकळ्यांवर चढवली, ऑइल काढले, खालचे चेंबर उतरवले आणि बेअरिंगांची झाकणे एकेक करून सोडवण्यास आरंभ केला. रविवारी फोन आला तेव्हा आमचे हात काळे होते, म्हणून तो चिरंजीवांनी घेतला. प्रकृती झाली, हवा झाली. मग थोडा वेळ ते नुसते ऐकत होते.

“सध्या शून्य, आजोबा,” ते म्हणाले. “चेंबर खाली उतरवलंय. काटा आधीपासूनच पंधरा जास्त दाखवत होता.”

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. आम्ही हातातला पाना तसाच धरून उभे राहिलो. मग चिरंजीवांनी फोनवर तळवा ठेवून आमच्याकडे वळून विचारले, “ते म्हणतायत, तिसऱ्या बेअरिंगची फट किती निघाली?”